मारिकचं सुतक

आमच्या घरात वर्षातून दोन-तीनदा सुतक पडतं, आणि मेलेलं माणूस दर वेळी पापुआतलं असतं.

पापुआ म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावरचं बेट. तिथे सेपिक नावाची मोठी नदी आहे, तिच्या काठी वोराम नावाचं गाव आहे, आणि त्या गावात आमची भावकी राहते. श्रीवर्धनला आमच्या आळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी माझ्या दारात रांगोळी दिसली नाही की समोरच्या नलूताई कपडे वाळत घालता घालता विचारतात, "कोण गेलं हो तिकडे?" मी नाव सांगते. त्या "अरेरे" म्हणतात आणि पुढचा कपडा झटकतात. त्यांनाही आता बरीच नावं पाठ झाली आहेत.

हे झालं कसं ते सांगते, कारण नवीन माणूस घरी आलं की आधी तेच विचारतं. माझे सासरे बोटीवर स्वयंपाकी होते. एकदा त्यांची बोट सुकं खोबरं भरायला त्या बेटावर गेली. श्रीवर्धनच्या माणसाने खोबरं आणायला एवढा समुद्र ओलांडावा, म्हणजे कमालच म्हणायची. तिथे धक्क्यावर त्यांना एक माणूस भेटला. ओठ लाल, दात लाल, गालात गोळा. सासऱ्यांना वाटलं, हा तर आपल्याच वाडीतला. त्यांनी पिशवीतली आपली रोठा सुपारी त्याला दिली. त्याने ती चघळली, डोळे मिटले, बराच वेळ उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो केळीच्या पानात गुंडाळून एक मुखवटा घेऊन आला आणि सासऱ्यांच्या हातात ठेवून गेला.

लाकडाचा, हातभर लांब चेहरा. नाक एवढं मोठं की वळून हनुवटीला टेकलेलं. गालांवर तांबडी माती, कपाळावर चुन्याच्या रेघा, नाकाच्या दोन्ही बाजूंना रानडुकराचे सुळे आणि डोळ्यांच्या जागी कवड्या. घोटाळा त्या कवड्यांनी केला. सासऱ्यांनी तो ट्रंकेत टाकला आणि सुट्टी संपली तसे पुन्हा बोटीवर गेले. मागाहून सासूबाईंनी ट्रंक उघडली. कवड्या दिसल्या, तेव्हा हे देवीपैकीच कोणीतरी असणार असं त्यांनी ठरवलं, आणि मुखवटा देव्हाऱ्यात, पूर्वजांचे चांदीचे टाक मांडलेले असतात त्या ओळीत बसवला. हळदकुंकू वाहिलं, वडे-घारग्यांचा नैवेद्य दाखवला. सासरे घरात असते तर भिंतीला खिळा ठोकून टांगला असता आणि विषय तिथेच मिटला असता.

काही वर्षं तो गप्प होता. मग एका सकाळी सासूबाई नैवेद्याचं ताट घेऊन गेल्या तेव्हा तो स्पष्ट मराठीत म्हणाला, "आज नको. सुतक आहे." मराठी त्याला येणारच, रोज कानावर तेच पडत होतं. सासूबाईंनी ताट उचललं आणि बर्वे गुरुजींना बोलावणं धाडलं.

गुरुजींनी पाट घेतला, चष्मा लावला आणि चौकशी सुरू केली.

"नैवेद्य कधीपासून दाखवताय?"

"बसवला तेव्हापासून."

"कुठे बसवला?"

"टाकांच्या ओळीत. खापरपणजोबांच्या शेजारी."

"मग संपलंच," गुरुजी म्हणाले. "हे तुमचे पूर्वज झाले. यांची लेकरं ती तुमची भावकी. खापरपणजोबांच्या शेजारी म्हणजे सात पिढ्यांच्या आत येतात. दहा दिवस पाळायचे."

"आणि भिंतीला टांगला असता तर?"

"तर शोभेची वस्तू. शोभेच्या वस्तूला सुतक नसतं."

"मग आता काढून टांगू का?"

"पूर्वज काढून ठेवता येत नाहीत, वहिनी. बसवताना विचारायचं असतं."

तेव्हापासून आमच्या घरात त्यांना थोरले म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला लावलं, मग सासऱ्यांच्या. खोटं कशाला बोलू, मला राग यायचा. माझी सख्खी आई गेली तर मला, दिलेल्या लेकीला, तीन दिवस. आणि इथे कोण कुठला मगरीच्या तोंडात गेला तर दहा. गौरी-गणपतीत सुतक, मुंजीत सुतक. एकदा तर मोदकांची पिठी काढून तयार आणि थोरले आतून म्हणाले, "सुतक आलंय." ती पिठी मी रागारागाने नलूताईंच्या घरी नेऊन आपटली.

पण माणूस सवयीचं असतं. सुतकात देवपूजा नाही, कुठे जाणं-येणं नाही, मग मी दुपारी देव्हाऱ्यापुढे बसून गेलेल्या माणसाची चौकशी करायला लागले. कोण होता, काय खायचा, मागे कोण आहे. थोरले सगळं सांगत. त्यांच्यासारखाच, त्याच झाडाच्या लाकडातला, दुसरा मुखवटा तिकडे गावातल्या मोठ्या घरात टांगलेला आहे, त्यामुळे इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे ऐकू जातं. झाडाच्या गरातून पीठ काढून त्याची भाकरी करणाऱ्या बाया, नदीला पूर आला की घराखालून होड्या हाकणारी माणसं, दिवसभर आमच्यासारखीच सुपारी चघळणारी. मला त्यांची गोडी लागली. कोणाचं पटत नाही, कोणाची सून आळशी, सगळं मला माहीत झालं.

आता मुद्द्याचं. माझी मुलगी मैथिली. तिचं लग्न म्हसळ्याच्या मयेकरांच्या निनादशी ठरलं. मुलगा मस्कतला नोकरीला, सुट्टी मोजून मिळते. दोघांचं आधीपासून जुळलेलं होतं, आम्ही फक्त नारळ दिला. वैशाखातली तारीख धरली, हॉल घेतला, पत्रिका वाटल्या, आणि थोरले म्हणाले, "सुतक आलंय. होडी उलटली. मारिकचा पुतण्या गेला." तारीख गेली. निनाद मस्कतला परत गेला. मैथिली दोन दिवस नीट जेवली नाही. लग्न पाहावं करून म्हणतात, ते आमच्या घराला पाहूनच म्हटलं असावं.

पुढच्या सुट्टीची तारीख धरायला निनादचे वडील स्वतः आले. पुरुषोत्तम मयेकर तहसील कचेरीतून निवृत्त झालेत, कोणतंही काम कलमवार करतात. त्यांनी चहा संपवला, कप बशीत नीट मध्यावर ठेवला आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "चोगले, राग मानू नका. एकदा झालं, आम्ही समजून घेतलं. दुसऱ्यांदा झालं तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. मुलाची आई ऐकायची नाही."

"बरोबर आहे तुमचं," हे म्हणाले.

"तेव्हा आधीच विचारून घेतो. तिकडे सध्या आजारी कोण आहे?"

आम्ही तिघंही देव्हाऱ्याकडे बघायला लागलो. थोरले म्हणाले, "मारिक. ऐंशीच्या पुढचा आहे. पुतण्या गेल्यापासून छाती भरलेली आहे. श्वास पुरत नाही."

"वाचेल का?"

"नाही. पण कधी ते सांगता येत नाही."

मयेकरांनी मान हलवली. माहिती पूर्ण मिळाल्याचं त्यांना समाधान असतं. बर्वे गुरुजींचं म्हणणं पडलं की घरात देवक बसलं की त्यानंतर कोणी गेलं तरी लग्नाला बाध नाही. आणि देवक बसवायचा दिवस त्यांनी शास्त्रात बसेल तितका अलीकडे ओढून दिला. थोडक्यात, माझ्या लेकीचा संसार उभा राहायचा तर वोरामच्या मारिकने देवक बसेपर्यंत जगायला हवं होतं.

मग मी मारिकच्या मागे लागले. थोरल्यांकरवी निरोप धाडला, आलं कुटून गरम पाण्यातून द्या, छाती शेका, अंगावर वारं घेऊ नका. आलं तिकडे पिकतंच. त्यांनी दिलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला की मारिकला आलं आवडलं, आणखी काय करू ते विचारतोय. मी गवती चहाचं सांगितलं. मग रोजचंच झालं. मी सकाळी भाजी निवडत देव्हाऱ्यापुढे बसायची आणि मारिक तिकडे खांबाला टेकून बसायचा. मधे थोरले.

मारिक फार चौकस. त्याला माझ्या मुलीच्या लग्नाची सगळी माहिती हवी असे.

"मारिक विचारतोय, मुलगी देताय तर डुकरं किती घेणार?"

"म्हणावं, आम्ही डुकरं घेत नाही."

"मग काय घेता?"

"काही घेत नाही. मुलगी देतो, आणि वर मानपान करतो."

थोरल्यांनी ते तिकडे सांगितलं. मग म्हणाले, "तो म्हणतो, हे मला नीट समजलं नाही. पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, आपण ते राहू देऊ.

दुसऱ्या एका सकाळी मी सांगितलं की आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. नवरामुलगा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो. यावर मारिकचा प्रश्न लगेच आला.

"जुनं नाव कोणाला देता?"

"कोणाला नाही. सोडून देतो."

"नाव सोडून देता?"

"हो."

या वेळी थोरले स्वतःच बोलले. "पोरी, आमच्यात नाव टाकत नाहीत. म्हातारं माणूस जाण्याआधी आपलं नाव कोणाला तरी देतं. ज्याला दिलं तो ते माणूस होतो. म्हाताऱ्याचं काम, त्याची होडी, त्याचं घर, सगळं त्याचं. मग कोणी मेलं असं होत नाही."

"आणि मग आम्ही एवढी सुतकं पाळली ती कोणाची?"

"जे नाव न देता गेले त्यांची. मगर काही विचारून येत नाही."

"मग मारिक का देत नाहीत नाव?"

"पुतण्याला द्यायचं होतं. तो होडीतून गेला. नाव रिकाम्या माणसालाच देता येतं. नुकतं जन्मलेलं मूल, बारसं न झालेलं. घरात आता कोणी पोटुशी नाही."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तो पुतण्या गेला तेव्हा मी फक्त हॉलच्या तारखेसाठी हळहळले होते. मला माझी लाज वाटली आणि मी ती भाजी तशीच टाकून उठले.

देवक जवळ येत चाललं तसा मारिक खालावत गेला. पण निरोप पक्का होता. "मुलीच्या आईला सांगा, देवक बसेपर्यंत मी जात नाही." हे ऐकून आमच्या ह्यांनी पेढे आणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मांडवाचे बांबू आले. मयेकर रोज फोन करून "तिकडची परिस्थिती" विचारायचे. मी "स्थिर आहे" म्हणायची.

एका दुपारी मी मैथिलीला बांगड्यांची मापं देत होते. थोरले म्हणाले, "मारिकची मुलगी बोलते आहे. तोवा. तुमच्याशी बोलायचंय म्हणते."

"बोलू दे."

"ती म्हणते, बाबा पाठ टेकत नाहीत. टेकली की जाईन म्हणतात. खांबाला दोरीने बांधून घेतलंय, खाली सरकू नये म्हणून. डोळा लागला की स्वतःला चिमटे काढतात. आई त्यांच्यासमोर बसून आहे, तीही झोपत नाही. तोवा विचारते, तुमचं देवक म्हणजे काय असतं आणि ते लवकर बसत नाही का?"

मनात आलं ते सांगते, लपवत नाही. मनात आलं, आता थोडंच राहिलंय, काढ कळ. एवढं काढलंस तर आणखी थोडं काढ.

मैथिलीने बांगड्या पुठ्ठ्यात परत ठेवल्या. "आई, त्यांना आडवं होऊ दे."

"आणि तुझं लग्न?"

"राहील."

"राहील काय राहील! मयेकरांनी काय सांगितलंय ते ऐकलंस ना? आणि निनाद?"

"निनादला मी सांगते. ऐकलं तर ऐकलं." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "एक म्हातारा माणूस माझ्यासाठी दोरीने बांधून बसलाय, आई. मी कशी हळद लावून घेऊ?"

मी तिच्यावर चिडले. तुला व्यवहार कळत नाही म्हणाले, सगळं आयुष्य घालवून बसशील म्हणाले. माजघरात सासूबाई पडून होत्या, त्या म्हणाल्या, "शकुन, ती बरोबर बोलते गो." मग मी स्वयंपाकघरात जाऊन जरा रडले. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि देव्हाऱ्यापुढे येऊन बसले.

"थोरले, मारिकना म्हणावं, दोरी सोडा. झोपा आता. आमच्यासाठी जागू नका. आमचं आम्ही बघून घेऊ."

निरोप गेला. उत्तर यायला फार वेळ लागला. संध्याकाळचा दिवा लावायची वेळ झाली, मैथिली उठून वाती करायला लागली, तेव्हा थोरले म्हणाले, "मारिक विचारतोय, मुलीचं जुनं नाव तुम्ही टाकणारच आहात ना?"

"हो. टाकायचंच असतं."

"जुनं टाकल्यावर आणि नवं लिहायच्या आधी ती मुलगी कोण असते?"

मी मैथिलीकडे बघितलं. कोणी कधी विचारलं नव्हतं. "कोणी नसते," मी म्हटलं.

"मग मारिक म्हणतो, ती जागा मला द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मयेकर पतिपत्नी, लग्नासाठी सुट्टीवर आलेला निनाद आणि बर्वे गुरुजी असे सगळे आमच्या ओटीवर जमले. मी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. गुरुजींनी डोळे मिटून विचार केला. मग म्हणाले, "नाव चालू असेल तर माणूस चालू आहे. माणूस चालू असेल तर सुतक कोणाचं पाळायचं? मला यात बाध दिसत नाही. आणि नाव लिहायला मुहूर्त लागत नाही, सोयीने लिहितात."

निनादच्या आईने 'निहारिका' ठरवून ठेवलं होतं. त्या हिरमुसल्या. पण बोलणं मयेकरांनी आपल्याकडे घेतलं.

"काही गोष्टी स्पष्ट करून घेतो," ते म्हणाले. "मारिक हे नाव पुरुषाचं की बाईचं?"

"आजवर पुरुषांनी घेतलंय," थोरले म्हणाले. "बाईने घेऊ नये असं नाही."

"वधूचं वय काय धरायचं?"

"मुलीचं वय मुलीचं," गुरुजी म्हणाले. "नावाचं वय वेगळं. पत्रिकेत मुलीचं धरायचं."

"मारिक यांचं लग्न झालेलं आहे?"

"झालेलं आहे. बायको लेमु. हयात आहे."

मयेकर थांबले. "म्हणजे आमच्या सुनेला बायको असेल."

"असेल."

"ती इकडे राहायला येणार नाही ना?"

"नाही. तिचं घर तिकडे आहे."

"मग हरकत नाही," मयेकर म्हणाले. "तिकडची काही जबाबदारी?"

"एक होडी आहे," थोरले म्हणाले, "आणि नदीकाठच्या झाडांचा एक पट्टा. कोणी काही विचारलं तर सांगावं लागेल."

"ते फोनवर होतं, तसं इथून होईल." मयेकरांनी मुलाकडे बघितलं. "निनाद, तुझं काय म्हणणं?"

निनाद इतका वेळ मैथिलीकडेच बघत होता. "ते अजून बसूनच आहेत ना?" तो म्हणाला. "मग आपण उशीर का करतोय?"

मी ताटात तांदूळ पसरले. मैथिली पाटावर बसली. गुरुजींनी मला विचारलं, "नाव कोणी ठेवलं होतं?" मी म्हटलं, मी. आत्याने कानात सांगितलं, पण निवडलं मी. पोटात असल्यापासून मी तिला त्याच नावाने हाक मारायची. "मग तुम्हीच सोडा," गुरुजी म्हणाले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "मैथिली हे नाव मी काढून घेते." म्हणताना मला फार वाईट वाटलं. असं वाटलं की लेक सासरी जायच्या आधीच उठून गेली. ती पाटावर बसलेली होती आणि तिला कशी हाक मारायची ते मला कळत नव्हतं.

निनादने अंगठीने तांदळात लिहिलं, मारिक. 

थोरल्यांच्या तोंडून तिकडचा आवाज ऐकू आला, पुष्कळ माणसांचा, एका सुरातला. मग तो थांबला.

"दोरी सोडली," थोरले म्हणाले. "पाठ टेकली त्याने."

आम्ही वाट बघत राहिलो. निनादची आईसुद्धा पदर तोंडाला लावून बसली होती. शेवटी आमच्या ह्यांनी विचारलं, "गेले का?"

"म्हातारं शरीर निजलं," थोरले म्हणाले. "जायचं कोणी? मारिक तुमच्यासमोर पाटावर बसलाय. दिवा लावा."

मी दिवा लावला. सुतक पडलं नाही. दारात रांगोळी घातली, ती बघून नलूताईंनी विचारलं, "मारिकची तब्येत कशी आहे हो?" मी म्हटलं, चांगली आहे, हळदीला या. देवक बसलं, हळद झाली, लग्न लागलं. जेवणावळीत मयेकर स्वतः फिरून आग्रह करत होते. पाठवणीला मी रडले, सगळ्या आया रडतात तशीच.

मांडवपरतणीला दोघं आली. निनाद मस्कतला जायच्या तयारीत होता, हीसुद्धा पुढे जाणार होती. मी पानं घेतली. दोघं देव्हाऱ्यासमोरच जेवायला बसली होती तेव्हा थोरले म्हणाले, "तोवा विचारते आहे. होडी कोरायचा वाकस सापडत नाही. कुठे ठेवलाय?"

तिने घास खाली ठेवला, थोडा विचार केला. "जुन्या होडीखाली. चिखल लागू नये म्हणून सालीत गुंडाळलाय."

थोड्या वेळाने थोरले म्हणाले, "सापडला."

निनादने भात कालवला. मी त्याला आमटी वाढली. तिला वाढणार तोच थोरले पुन्हा बोलले, या वेळी जरा हळू. "लेमु विचारतेय. मारिक जेवला का?"

"जेवतोय म्हणावं," ती म्हणाली. "आणि काल पाठ टेकून झोपलो, तेही सांगा. तिला म्हणावं, तूही झोप आता."

थोरल्यांनी निरोप पोचवला. मी मारिकला आमटी वाढली.